किशोरवयीन मुलांना पुस्तकांची ओढ लागावी म्हणून ग्रंथपालाने काय करावे?

वाचकाचे पत्र : मी एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल म्हणून काम करते. तेरा ते सोळा वर्षांची मुले आठवड्यातून एकदा वर्गासह ग्रंथालयात येतात. मी कपाटातून पुस्तके काढून टेबलावर ठेवते, मुले हाताला येईल ते उघडून बसतात आणि घंटा होताच ते तसेच टाकून निघून जातात. घरी नेलेल्या प्रत्येक पुस्तकावर एक पान अभिप्राय लिहून द्यायचा असा नियम आहे आणि सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला वर्षअखेरीस बक्षीस दिले जाते. तरीही पुस्तकांची देवघेव वर्षागणिक घटते आहे. शिक्षक म्हणतात, मोबाइलपुढे पुस्तकाचे काही चालणार नाही. मुख्याध्यापक आकडे मागतात. काही मुले केवळ चित्रकथा आणि भयकथा मागतात. त्या द्याव्यात की त्यांना चांगल्या साहित्याकडे वळवावे, हेही मला ठरवता येत नाही. या वयाच्या मुलांना वाचनाची ओढ लागावी यासाठी मी नेमके काय करावे? – एक ग्रंथपाल

प्रिय ग्रंथपाल ताई,

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात मुलांना दोष देणारे एकही वाक्य नाही, हे मला फार मोलाचे वाटले, कारण या प्रश्नाची बहुतेक चर्चा ‘आजकालच्या मुलांना’ नावे ठेवण्यातच संपते. आपण दिलेल्या तपशिलांवरून मला दिसते ते असे : आपल्याकडे पुस्तके आहेत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेला तास आहे आणि मुलांविषयी मनापासून आस्था असलेली ग्रंथपाल आहे, तेथे नाही ती मुलाची स्वतःची निवड. टेबलावर काय येणार हे आपण ठरवता, ते घरी नेले तर पुढे काय करायचे हे नियम ठरवतो आणि किती वाचले म्हणजे चांगले हे बक्षीस ठरवते. तेरा ते सोळा हे वय स्वतःचे मत, स्वतःचे मित्र आणि स्वतःची आवड घडवण्याचे असते. या वयात जे काम पूर्णपणे दुसऱ्याने आखून दिलेले असते, त्यातून मूल निमूटपणे अंग काढून घेते. ते भांडत नाही, तक्रार करत नाही. पुस्तक उघडून समोर धरते आणि घंटेची वाट पाहते. आपल्या टेबलांभोवती नेमके हेच घडते आहे.

ही अवस्था आपल्या एकट्या शाळेची नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे आणि २०१८ साली तिचा मुख्य विषय वाचन हा होता. त्या वेळी या चाचणीचे आयोजन करणाऱ्या संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी पाहता जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांनी आपण गरज पडली तरच वाचतो असे सांगितले, आणि २००० सालच्या पाहणीच्या तुलनेत हे प्रमाण वाढलेले होते. हा आकडा मी आपल्याला धीर देण्यासाठी सांगत नाही. ‘गरज पडली तरच’ या उत्तराकडे आपले लक्ष वेधायचे आहे. या मुलांना वाचता येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. वाचन म्हणजे कुणीतरी लावून दिलेले काम, एवढीच ओळख त्यांच्या मनात उरली आहे, असा तो होतो. ती ओळख बदलणे हे शालेय ग्रंथपालाचे काम आहे, आणि शाळेत ते त्याच्याइतके मोकळेपणाने दुसरे कुणी करू शकत नाही, कारण शाळेतील सर्व मोठ्या माणसांमध्ये गुण न देणारा तो बहुधा एकटाच असतो.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, अभिप्रायाचा नियम काढून टाका. पुस्तक आवडले तर एक पान लिहावे लागते, आवडले नाही तरी एक पान लिहावे लागते आणि पुस्तक नेलेच नाही तर काहीच लिहावे लागत नाही, अशी व्यवस्था असेल तर शहाणे मूल काय करील, हे वेगळे सांगायला नको. हा नियम चांगल्या हेतूने केलेला असतो. मुलाने खरोखर वाचले का, हे कळावे असे शाळेला वाटत असते. परंतु आपणही एखादी कादंबरी संपवल्यावर लगेच तिचा सारांश लिहून कुणाला सादर करत नाही. आपण ती मैत्रिणीला सांगतो, त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक शोधतो किंवा काही दिवस नुसते तिच्या विचारात राहतो. मुलांनाही हीच मुभा असावी. ज्याला लिहावेसे वाटते त्याच्यासाठी एक कोरी वही ग्रंथालयात कायम उघडी ठेवा. तिच्यात दोन ओळी लिहा, चित्र काढा, नाव लिहा किंवा लिहू नका, असे सांगा. अशा वहीत जे उमटते ते सक्तीच्या शंभर अभिप्रायांपेक्षा अधिक खरे असते, कारण ते दुसऱ्या मुलासाठी लिहिलेले असते, तपासनिसासाठी नव्हे.

बक्षिसाविषयीही मला स्पष्टच लिहिले पाहिजे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षणाच्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, अशी मुले त्यांनी निवडली. त्यांपैकी काहींना, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. काहींना ते अनपेक्षितपणे दिले. आणि काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी पुन्हा तीच पेने मुलांसमोर मोकळी ठेवली, तेव्हा प्रशस्तिपत्राचे आधीच आश्वासन मिळालेल्या मुलांनी त्यांच्यासोबत इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. हा प्रयोग तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा आणि चित्रकलेविषयीचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा किशोरवयीन वाचकांना लावता येणार नाही. तरीही आनंदासाठी केलेली गोष्ट मोबदल्यासाठी केली जाऊ लागली की तिच्यातला आनंद उणावतो, ही त्यातली शिकवण आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. शिवाय ‘सर्वांत जास्त पुस्तके’ या कसोटीत आणखी एक खोट आहे. तिच्यामुळे मुले बारीक पुस्तके निवडतात, चारशे पानांच्या कादंबरीत महिनाभर रमलेली मुलगी स्पर्धेत मागे पडते आणि ज्याला वाचनाचे कष्ट पडतात तो पहिल्याच आठवड्यात स्पर्धेबाहेर जातो. बक्षीस द्यायचेच असेल तर ते पुस्तकाच्या रूपाने, सर्वांना आणि स्वतः निवडू देऊन द्यावे.

आता कपाटांकडे वळू. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, ते आपल्याला पाठ असतीलच. ‘ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत’ हा त्यांतील पहिला सिद्धान्त आज इतका साधा वाटतो की तो सांगण्याची गरज का पडली असेल, असा प्रश्न पडावा. परंतु ज्या ग्रंथालयात पुस्तके कुलपात असतात आणि वाचकाला मागितल्यावर किंवा न मागताच काढून दिली जातात, तेथे तो आजही अमलात आलेला नसतो. मुक्तद्वार पद्धतीला, म्हणजे वाचकाने उघड्या कपाटातून स्वतः पुस्तक निवडण्याला, शाळांचा जो विरोध असतो तो बहुधा पुस्तके हरवण्याच्या भीतीपोटी असतो. काही पुस्तके हरवतील, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. त्यातही हरवणारी पुस्तके बहुधा मुलांना हवीशी वाटलेली असतात, त्यामुळे वर्षअखेरीच्या मोजणीत जे गहाळ निघेल त्याची नोंद नीट ठेवा; त्याच पुस्तकांच्या आणखी प्रती मागवण्यासाठी तो भक्कम आधार आहे. शाळेचा नियम हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ग्रंथपालाकडून मागत असेल, तर तो नियम आधी बदलून घ्या, कारण स्वतःच्या खिशाची धास्ती असलेला ग्रंथपाल पुस्तके मोकळी सोडू शकत नाही.

कपाटे उघडण्यापूर्वी मात्र ती हलकी करावी लागतील. जुनी, पिवळी पडलेली, बारीक टायपातली, शिवण सुटलेली पुस्तके चांगल्या पुस्तकांना झाकून टाकतात. भरगच्च कपाटासमोर उभे राहिलेल्या मुलाला विपुलता दिसत नाही, धूळ दिसते. माहितीपर पुस्तकांबाबत तर अधिक कठोर असायला हवे. प्लूटोची गणना ग्रहांमध्ये करणे आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २००६ साली थांबवले; त्यानंतर इतक्या वर्षांनीही आपल्या कपाटातले खगोलशास्त्र नऊ ग्रहच मोजत असेल, तर चौकस मुलाचा संपूर्ण कपाटावरचा विश्वास उडतो. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तके नोंदीतून वगळण्याची, रीतसर परवानगी घेऊन अशी पुस्तके बाद करा. रिकाम्या झालेल्या जागेत उरलेली पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवता येतील. पुस्तकाचा कणा पाहून निवड करणे हे आधीच वाचक असलेल्या माणसाला जमते, कारण त्याला लेखकांची नावे ठाऊक असतात. नवख्याला मुखपृष्ठ लागते, मलपृष्ठावरचा मजकूर लागतो आणि दोन पाने उभ्याउभ्या चाळून पाहण्याची मोकळीक लागते. वर्गीकरण मोडू नका, पण मुलांच्या विचारण्याच्या पद्धतीप्रमाणे काही छोटे संच वेगळे मांडा : ‘एका बैठकीत संपणारी’, ‘रात्री एकट्याने वाचू नयेत अशी’, ‘खरोखर घडलेले’, ‘मैत्री तुटते तेव्हा’. हे संच दर काही आठवड्यांनी बदलत राहावेत आणि त्यांची नावे मुलांनाच सुचवू द्यावीत.

चित्रकथा आणि भयकथा द्याव्यात की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : द्या, भरपूर द्या आणि देताना चेहऱ्यावर सवलत दिल्याचा भाव येऊ देऊ नका. चित्रकादंबरी वाचताना मुलाला चित्र आणि शब्द यांचा मेळ घालावा लागतो, दोन चौकटींच्या मधली न दाखवलेली घटना मनाने भरून काढावी लागते, पात्रांचे भाव ओळखावे लागतात. हे सर्व वाचनच आहे. भयकथेतून मूल शिकते ते असे की, पान उलटल्याशिवाय राहवत नाही अशी अवस्था छापील मजकुरातूनही येऊ शकते. एकाच मालिकेची अठरा पुस्तके ओळीने वाचणाऱ्या मुलाची आपण काळजी करतो, पण त्याला तेथे जे मिळते ते महत्त्वाचे असते. पात्रे ओळखीची असतात, लेखकाची भाषा सवयीची झालेली असते, त्यामुळे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या आरंभी होणारा त्रास त्याला पडत नाही आणि वाचनाचा वेग व आत्मविश्वास दोन्ही वाढतात. ‘चांगल्या साहित्याकडे वळवणे’ या शब्दांत मुलाची आजची आवड वाईट आहे असा निर्णय दडलेला असतो, आणि मुलांना तो फार लवकर कळतो. वळवायचे असेल तर आवडीच्या शेजारून वळवा. भयकथा आवडणाऱ्याला रहस्यकथा, रहस्यकथेतून न्यायवैद्यकाविषयीचे माहितीपर पुस्तक, तेथून एखाद्या खऱ्या खटल्याची हकिगत, असा रस्ता असतो. आणि तो कुठे थांबेल हे आपण ठरवू नये.

माहितीपर पुस्तकांविषयी येथेच सांगते, कारण शालेय ग्रंथालयात ‘वाचक’ म्हटले की कथा-कादंबरी वाचणारेच डोळ्यांसमोर येतात. ज्या मुलाला इंजिने, बुद्धिबळ, साप, क्रिकेटचे डावपेच किंवा संगणकाची भाषा यांत रस आहे, तो तासन्‌तास वाचत असतो, पण त्याला कुणी वाचक म्हणत नाही आणि मग तोही स्वतःला तसा समजत नाही. त्याला वाचक म्हणा. त्याच्या विषयावरचे पुढचे पुस्तक मागवा आणि ते आल्यावर त्याला वर्गातून बोलावून घेऊन सर्वांत आधी त्याच्या हाती द्या.

पुस्तके कोणती घ्यायची, हे ठरवण्यात मुलांचा वाटा असला पाहिजे. खरेदीच्या रकमेतील एक ठरावीक भाग विद्यार्थ्यांच्या समितीकडे सोपवा आणि त्या समितीत केवळ हुशार, वाचणारी मुले घेऊ नका. ग्रंथालयात पाऊल न टाकणारी दोन-तीन मुले तिच्यात असलीच पाहिजेत. ‘तुला येथे काय सापडत नाही?’ हा प्रश्न त्यांनाच विचारता येतो. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलेल्या एका निबंधात, पुस्तके मुलांसाठी आरसा असतात, खिडकी असतात आणि पलीकडे जाता येईल असे सरकते काचेचे दारही असतात, असे म्हटले आहे. आपल्या कपाटावर या दृष्टीने एकदा नजर फिरवा. मुलींच्या नजरेतून सांगितलेली साहसे तेथे किती आहेत? गरीब घरातले, आई-वडील वेगळे झालेल्या घरातले, अपंगत्व असलेले मूल एखाद्या गोष्टीचा नायक म्हणून आले आहे का, की नायकाच्या दयेचा विषय म्हणूनच आले आहे? मूल हे प्रश्न मोठ्याने विचारत नाही. त्याला कपाटात आपल्यासारखे कुणी दिसले नाही तर हे आपल्यासाठी नाही, असे समजून ते निघून जाते.

आता त्या साप्ताहिक तासाविषयी. माझ्या मते आपल्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे पुस्तकाविषयी बोलणे, आणि ते शिकण्यासारखे कौशल्य आहे. तासाच्या आरंभी दोन किंवा तीनच पुस्तके घ्या आणि प्रत्येकाविषयी दोन-तीन मिनिटे बोला. लेखकाचा परिचय, पुरस्कार, पुस्तकाचे महत्त्व यांपैकी काहीही सांगू नका; सरळ गोष्टीतल्या पेचात शिरा. कोण आहे, त्याला काय हवे आहे, आड काय येते आहे, एवढे सांगून जेथे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल तेथे थांबा. ‘पुढे काय झाले?’ असे कुणी विचारले तर उत्तर देऊ नका, पुस्तक पुढे करा. ज्या पुस्तकाने आपल्याला स्वतःला धरून ठेवले, त्याविषयीच बोला. मुलांना उसना उत्साह ओळखता येतो, आणि न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस तर फारच लवकर ओळखता येते. यासाठी आपल्याला किशोरवयीनांसाठीची नवी पुस्तके सतत वाचावी लागतील. कामाच्या वेळेत ती वाचणे म्हणजे कामचुकारपणा, असे कुणी म्हटले तर ते ऐकून घेऊ नका. ग्रंथपालासाठी वाचन हीच कामाची पूर्वतयारी आहे. शक्य असेल तेव्हा ज्या पुस्तकांविषयी बोलणार त्यांच्या एकाहून अधिक प्रती जवळ ठेवा, आणि प्रती संपल्या तर प्रतीक्षायादी सर्वांना दिसेल अशी लावा. एखाद्या पुस्तकासाठी पाच जण थांबले आहेत, ही बातमी कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा वेगाने पसरते.

मोठ्याने वाचून दाखवणे हे लहान मुलांसाठीच असते, हा समज सोडून द्या. पंधरा वर्षांची मुलेही चांगला आवाज आणि चांगली गोष्ट यांच्यापुढे शांत होतात. पुष्कळ मुलांची ऐकून समजण्याची क्षमता वाचून समजण्याच्या क्षमतेपेक्षा पुढे असते, त्यामुळे जे पुस्तक ती स्वतः उघडण्याचे धाडस करणार नाहीत ते ऐकताना त्यांना पेलते आणि मग हाती घ्यावेसे वाटते. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. ‘यातून आपण काय शिकलो?’ या प्रश्नाने ऐकलेल्या गोष्टीचा रंग क्षणात उडतो. चर्चा करायचीच असेल तर ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी रूढ केलेले साधे प्रश्न उपयोगी पडतील : काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकणारे वाटले आणि कशाचा कशाशी संबंध लागतो असे जाणवले. यांतील दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पुस्तक कंटाळवाणे वाटले असे सांगण्याची मोकळीक ज्या ग्रंथालयात असते, तेथेच ते आवडले या म्हणण्याला किंमत असते.

बोलून झाल्यावर उरलेला वेळ पूर्णपणे निवडण्यासाठी आणि वाचण्यासाठी द्या. ठरावीक वेळ सर्वांनी शांतपणे आपापले पुस्तक वाचायचे, ही पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकात लायमन हंट यांनी पुढे आणली आणि पुढे अनेक देशांत ती रुजली. तिच्याविषयी मतभेदही आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालच्या अहवालात, केवळ असा मूक वाचनाचा वेळ दिल्याने वाचनातील ओघ सुधारतो असे सिद्ध करण्याइतका पुरावा उपलब्ध अभ्यासांत नाही, असे म्हटले होते. मला हा आक्षेप लक्षात घेण्यासारखा वाटतो. मुलाच्या हाती त्याला न पेलणारे किंवा नकोसे पुस्तक असेल, तर वीस मिनिटांची शांतता ही नुसतीच शांतता असते. आपल्या टेबलांभोवतीही आज तीच आहे. त्या वेळेला अर्थ येतो तो मुलाने पुस्तक स्वतः निवडलेले असेल, ते जमत नसेल तर बदलता येत असेल आणि हळू आवाजात दोन शब्द बोलायला आपण जवळ असाल तेव्हा. पहिल्या काही पानांनंतर पुस्तक सोडून देण्याचा हक्क मुलांना जाहीरपणे द्या. सोडलेले पुस्तक परत करणाऱ्या मुलाला जाब विचारू नका. कुठे कंटाळा आला, एवढेच विचारा. त्याच्या उत्तरावरून पुढचे पुस्तक कोणते द्यावे हे बहुधा कळते.

ज्यांना वाचणेच जड जाते अशा मुलांविषयी आपण पत्रात लिहिलेले नाही, पण ती आपल्या प्रत्येक वर्गात असणार. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली दाखवून दिले की, आरंभी नीट वाचता येणारी मुले अधिक वाचतात आणि त्यामुळे अधिक चांगली वाचू लागतात, तर अडखळणारी मुले वाचन टाळतात आणि आणखी मागे पडतात. किशोरवयापर्यंत ही दरी रुंद झालेली असते आणि ती लपवण्यात ही मुले तरबेज झालेली असतात. वर्गात गोंधळ घालणारा मुलगा पुष्कळदा पान वाचता न आल्याची लाज झाकत असतो. त्यांच्यासाठी विषय त्यांच्या वयाचा पण वाक्ये छोटी, टाइप मोठा आणि प्रकरणे आखूड असलेली पुस्तके शोधा. ती वेगळ्या खणात ‘सोपी पुस्तके’ अशी पाटी लावून ठेवू नका, इतर पुस्तकांतच मिसळून ठेवा. ध्वनिपुस्तक ऐकत छापील पुस्तक डोळ्यांखालून घालणे हा मार्ग अनेकांना, विशेषतः डिस्लेक्सिया (अक्षरे व शब्द वाचण्यात येणारी अडचण) असलेल्या मुलांना, आधार देतो. त्याला फसवणूक समजू नये. आणि वाचायला न सांगता वाचणाऱ्यांत आणण्याचेही मार्ग आहेत. पुस्तके मांडणे, मुखपृष्ठांचे फलक करणे, देवघेवीच्या टेबलावर बसणे ही कामे या मुलांना द्या. दिवसभर पुस्तके हाताळणाऱ्याच्या हाती कधीतरी एखादे उघडे राहते.

एक गोष्ट नाजूक आहे आणि ती टाळून चालणार नाही. या वयात मुलांना शरीरातील बदल, प्रेम, मनाची उदासी, घरातील भांडणे यांविषयी जाणून घ्यायचे असते आणि विचारण्याचा संकोच असतो. अशा विषयांवरची विश्वासार्ह पुस्तके ग्रंथपालाच्या टेबलामागे ठेवली तर ती कुणीच मागणार नाही. ती उघड्या कपाटात, फार नजरेत न येणाऱ्या जागी असावीत, आणि कुणी काय नेले याचा उच्चार आपल्या तोंडून वर्गासमोर, शिक्षकांच्या खोलीत किंवा कोठेही होऊ नये. १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेने मुलाचा खासगीपणाचा हक्क मान्य केलेला आहे. देवघेवीची नोंदवही हा त्याच हक्काचा भाग समजावा. मूल गंभीर संकटात आहे असे दिसले तर अर्थातच समुपदेशकाची मदत घ्यावी, पण एखादे पुस्तक नेणे हे तसे चिन्ह आहे असे घाईने ठरवू नये.

मोबाइलविषयी मी फार लिहिणार नाही. त्याच्याशी झुंज घेण्याचा पवित्रा सोडून द्या, कारण त्या झुंजीत ग्रंथपालाच्या वाट्याला पोलिसाची भूमिका येते. वाचनाच्या वेळी फोन बाजूला ठेवणे हा नियम सर्वांना, मोठ्यांनाही, सारखा लावा आणि त्यापलीकडे उपदेश करू नका. काही मुले फोनवरच लांबलचक कथा वाचतात, आवडत्या पात्रांवर स्वतः कथा लिहितातही. त्यांना तुच्छ लेखण्याऐवजी ते काय वाचतात हे विचारा, कारण त्या उत्तरातून आपल्याला त्यांच्या आवडीचा नेमका पत्ता मिळतो.

मुख्याध्यापकांना आकडे हवे आहेत, तर ते द्यावेत, पण कोणते द्यायचे हे आपण सुचवावे. एकूण देवघेवीच्या आकड्यावरून एवढेच कळते की पुस्तके बाहेर गेली. दहा मुलांनी पन्नास पुस्तके नेली की पन्नास मुलांनी एकेक, हे त्यातून दिसत नाही. त्याऐवजी वर्षभरात एकदाही पुस्तक न नेलेली मुले किती होती आणि त्यांपैकी किती जण या सत्रात आली, सक्ती नसताना मधल्या सुट्टीत किती जण येतात, विद्यार्थ्यांनी सुचवलेली पुस्तके किती वेळा बाहेर गेली, हे नोंदवा. अभिप्रायाचा नियम काढण्यासाठी त्यांची संमती लागणारच. त्यांना एका सत्रापुरता तो स्थगित करायला सांगा आणि सत्राच्या शेवटी आधीचे व नंतरचे आकडे त्यांच्यासमोर ठेवण्याचे मान्य करा. पहिल्या महिन्यात फरक दिसेलच असे नाही. ज्या मुलांनी वर्षानुवर्षे ग्रंथालय टाळले आहे ती, येथे आता खरोखर कुणी काही विचारत नाही, याची खात्री पटेपर्यंत दुरूनच पाहत राहतात. शिक्षकांनाही सोबत घ्या, पण त्यांच्याकडे मुलांना वाचायला सांगण्याची मागणी करू नका. गणिताच्या, खेळाच्या, चित्रकलेच्या शिक्षकांनी सध्या स्वतः काय वाचत आहेत त्याचे नाव आपल्या वर्गाच्या दारावर लावावे, एवढेच मागा. वाचन हे केवळ भाषेच्या शिक्षकांचे खाते आहे, हा मुलांचा समज त्याने ढिला होतो.

हे सर्व एकदम करायला घेऊ नका, दमून जाल. अभिप्रायाच्या नियमाविषयी याच आठवड्यात मुख्याध्यापकांशी बोला. पुढच्या तासाला टेबलावर पुस्तके काढून ठेवू नका. कपाटे उघडी ठेवा, आपल्याला मनापासून आवडलेल्या दोन पुस्तकांविषयी बोला आणि बाजूला व्हा. मग कोणते मूल कोणत्या कपाटापाशी रेंगाळते, काय चाळून परत ठेवते, काय मित्राला दाखवते हे पाहून टिपून ठेवा. खरेदीची पुढची यादी करताना समितीच्या सूचनांसोबत ही टिपणेही समोर असू द्या.

आपली,
सल्ला सदराची लेखिका